सल्ला : बँकेकडून अशील यावेत, पण कोणत्या वाटेने?

मुलुंडहून एका तरुण सनदी लेखापाल भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा :

«महोदय, माझी स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू होऊन पाच वर्षे झाली. विवरणपत्रे, जीएसटी, काही गृहनिर्माण संस्थांचे हिशेब आणि भांडुप व वागळे इस्टेटमधील लहान कारखानदार असे माझे काम आहे. आतापर्यंत नवे अशील ओळखीपाळखीतून येत गेले. आता ती आवक मंदावली आहे. जवळच्या एका खासगी बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने माझ्यापुढे प्रस्ताव ठेवला आहे. मी दर तिमाहीला दहा चालू खाती द्यावीत, त्या बदल्यात ते कर्जाच्या पार्ट्या माझ्याकडे पाठवतील. सुरुवात म्हणून त्यांनी माझ्या अशिलांची उलाढालीसह यादी मागितली आहे आणि भावाच्या नावाने डीएसए (बँकेला कर्जदार मिळवून देणारा कमिशन एजंट) कोड काढून घेण्याचेही सुचवले आहे. दुसरीकडे, ज्या सहकारी बँकेत माझ्या वडिलांचे वर्षानुवर्षे खाते आहे, तेथील शाखा व्यवस्थापक माझ्याशी आदराने बोलतात, पण आजवर एकही अशील त्यांनी पाठवलेला नाही. बँकांशी असे परस्पर संबंध जोडावेत कसे? या प्रस्तावात गैर काय आहे? आणि याच खासगी शाखेचे समवर्ती लेखापरीक्षण (शाखेच्या व्यवहारांची दरमहा होणारी तपासणी) मिळण्याची शक्यता आहे, ते मी घ्यावे का?»

आपण प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी लिहिलेत, हे बरे झाले. बँक आणि सनदी लेखापाल यांनी एकमेकांकडे माणसे पाठवणे यात मुळात काहीच वावगे नाही. कर्ज मागायला आलेल्या माणसाचे हिशेब विस्कळीत असतील तर त्याला चांगल्या सीएकडे जा असे सांगणे हे बँक अधिकाऱ्याचे कामच आहे, आणि व्यवसाय वाढवू पाहणाऱ्या अशिलाला योग्य बँकेचे दार दाखवणे हे आपलेही काम आहे. प्रश्न उभा राहतो तो या येण्याजाण्याला भाव लागतो तेव्हा. तुमच्यापुढे आलेल्या प्रस्तावात तो भाव तीन ठिकाणी लागलेला आहे.

पहिले ठिकाण अशिलांच्या यादीचे. आपल्या कायद्याच्या, म्हणजे सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीतील पहिल्या भागाचा पहिलाच खंड सांगतो की, कामाच्या ओघात मिळालेली माहिती अशिलाच्या संमतीविना किंवा कायद्याने तसे बंधन घातल्याविना दुसऱ्या कोणालाही देणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. भांडुपच्या गाळेवाल्याने तुमच्याकडे उलाढाल उघड केली ती विवरणपत्र भरण्यासाठी. ती वाचून बँकेच्या माणसाने त्याला फोन करावा यासाठी नव्हे. नावे आणि फोन नंबर तेवढे देते, आकडे देत नाही, अशी पळवाटही काढू नका. अमुक माणूस तुमचा अशील आहे, ही माहितीसुद्धा त्याच्याच कामातून तुमच्याकडे आलेली आहे. एखाद्या अशिलाला खरोखर बँक बदलायची असेल, तर त्याला विचारा, त्याची संमती ईमेलने घ्या आणि त्या एकाचीच ओळख करून द्या. यादी मात्र कधीही देऊ नका.

दुसरे ठिकाण दहा खात्यांच्या बदल्यात कर्जाच्या पार्ट्यांचे. पहिल्या अनुसूचीतील पहिल्या भागाचा पाचवा खंड आपला नोकर किंवा भागीदार नसलेल्या व्यक्तीच्या मार्फत व्यावसायिक काम मिळवण्यास मनाई करतो, आणि सहावा खंड परिपत्रक, जाहिरात, व्यक्तिगत संपर्क किंवा अन्य कोणत्याही मार्गाने काम मागत फिरण्यास मनाई करतो. समाधानी बँक अधिकाऱ्याने आपणहून तुमचे नाव सुचवणे आणि त्याने ठरलेल्या हिशेबाने माणसे पुरवणे या दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली गोष्ट कीर्ती आहे. दुसरी, माझ्या मते, सरळ या खंडांच्या कक्षेत जाते, मग ती लेखी असो वा चहाच्या टेबलावर तोंडी ठरलेली असो. शिवाय व्यवहाराच्या बाजूनेही पाहा. तिमाही संपत आली आणि सातच खाती झाली, की उरलेल्या तीन अशिलांना तुम्ही त्यांच्या सोयीची बँक सुचवणार की तुमचा आकडा पूर्ण करणारी? ज्या दिवशी हा प्रश्न मनात आला, त्या दिवसापासून तुमचा सल्ला अशिलाच्या बाजूचा राहिलेला नसतो.

तिसरे ठिकाण भावाच्या नावाच्या डीएसए कोडचे. सनदी लेखापालाने व्यवसायाबाहेरचा उद्योग करायचा तर आपल्या संस्थेच्या, म्हणजे आयसीएआयच्या, परिषदेची परवानगी लागते, सदस्य नसलेल्याच्या व्यावसायिक नफ्यात वाटा घेता येत नाही, आणि या बंधनांमुळेच भावाचे नाव पुढे करण्याची कल्पना निघाली आहे, हे उघड आहे. भाऊ खरोखर स्वतंत्रपणे हा व्यवसाय करीत असेल तर तो त्याचा मार्ग झाला. परंतु अर्ज तुम्ही तयार करणार, पार्टी तुमची, आणि कर्ज वितरित झाल्यावर बँकेचे कमिशन त्याच घरात येणार, ही व्यवस्था अशिलाला कळली तर तो काय म्हणेल, याचा विचार करा. तुम्ही सुचवलेला व्याजदर त्याच्यासाठी खरोखर चांगला होता की नाही, हे त्यानंतर तुम्ही कितीही पटवून सांगितले तरी त्याला पटणार नाही.

या कामाचे शुल्क घेऊ नका, असे मात्र मी म्हणत नाही. कर्जप्रस्ताव तयार करणे कष्टाचे काम आहे आणि त्याचे रास्त शुल्क अशिलाकडूनच, पावती देऊन, उघडपणे घ्यावे. निकालावर किंवा टक्केवारीवर शुल्क ठरवण्यास पहिल्या अनुसूचीचा दहावा खंड सर्वसाधारणपणे मनाई करतो; निधी उभारणीच्या काही सेवांना सनदी लेखापालांच्या विनियमांतील विनियम १९२ खाली सूट आहे. ती सूट आपल्या कामाला लागू पडते का, हे विनियमाचा मूळ मजकूर वाचून ठरवावे. मला विचाराल तर लहान अशिलांच्या बाबतीत ठरावीक रक्कम उत्तम. टक्केवारीचा मोह आला की जास्तीत जास्त कर्ज काढून देण्याकडे हात वळतो, आणि गाळेवाल्याला नेमकी किती लिमिट (कर्जाची मंजूर मर्यादा) झेपेल हा विचार मागे पडतो.

आता तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेल्या प्रश्नाकडे येतो : सहकारी बँकेचे व्यवस्थापक आदराने बोलतात, पण अशील का पाठवत नाहीत?

कारण त्यांनी तुमचे काम पाहिलेले नाही. त्यांनी तुमच्या वडिलांचे खाते पाहिले आहे. बँकेतल्या माणसाच्या जागी बसून विचार करा. त्याने तुमचे नाव एखाद्या कर्जदाराला सुचवले आणि तुमच्याकडून आलेली फाईल मुख्य कार्यालयातून तीन वेळा परत आली, तर बोलणी त्याला खावी लागतात. म्हणून तो नाव सुचवतो ते ज्याची फाईल परत येत नाही, त्या सीएचे. संबंध जोडण्याचे खरे काम येथेच आहे, आणि ते आपल्या कार्यालयातील टेबलावर होते.

एक फाईल जवळून पाहू. समजा, वागळे इस्टेटमधील तुमच्या एका अशिलाची पुढील वर्षाची अपेक्षित विक्री २ कोटी रुपये आहे आणि त्याला कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी लागेल तसे उचलायचे कर्ज, हवे आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या पद्धतीने लहान उद्योगाचे खेळते भांडवल विक्रीच्या २५ टक्के धरले जाते, म्हणजे ५० लाख. त्यापैकी विक्रीच्या ५ टक्के, म्हणजे १० लाख मालकाने स्वतःचे घालायचे आणि २० टक्के, म्हणजे ४० लाख बँकेने द्यायचे. येथपर्यंतचे गणित कोणीही करतो. पण लिमिट मंजूर झाल्यानंतर प्रत्यक्षात किती रक्कम उचलता येईल, हे ठरते डीपीवर (ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येणी यांच्या आधारे काढलेली उचल-मर्यादा). अशिलाकडे ३० लाखांचा माल आहे, त्यातील ८ लाखांचे पैसे पुरवठादारांना द्यायचे बाकी आहेत. उरलेल्या २२ लाखांवर २५ टक्के मार्जिन (मालकाचा स्वतःचा वाटा) कापले की १६.५ लाख राहतात. येणी ३५ लाखांची आहेत, पण त्यांतील ७ लाख ९० दिवसांच्या वरची असल्याने बँक ती धरत नाही. २८ लाखांवर तेवढेच मार्जिन कापले की २१ लाख उरतात. डीपी झाली ३७.५ लाख. मंजुरीपत्रावर ४० लाख लिहिलेले असले तरी अशिलाला ३७.५ लाखच वापरता येतील. मार्जिनची टक्केवारी बँकेगणिक आणि मंजुरीच्या अटींगणिक बदलते. पण ही आकडेमोड ज्या सीएने आधीच करून अशिलाला समजावली आहे, त्याचा अशील मंजुरीनंतर शाखेत येऊन व्यवस्थापकाशी हुज्जत घालत नाही. व्यवस्थापकाच्या लक्षात राहते ते हेच.

त्याच फाईलमध्ये पतपुरवठा अधिकारी आणखी काय पाहतो, तेही ध्यानात घ्या. ताळेबंदातील विक्री आणि जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्रातील विक्री जुळते का? मार्चमध्ये विक्री एकदम फुगली आणि एप्रिलमध्ये माल परत आला, असे काही आहे का? खात्यातील जमा आणि दाखवलेली विक्री यांचा मेळ बसतो का? मालकाने घरातून आणलेले पैसे विनातारण कर्ज म्हणून दाखवले असतील तर ते कर्जाच्या मुदतीत काढून घेणार नाही, असे हमीपत्र आहे का? यातील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एका पानाच्या टिपणात आधीच लिहून फाईलच्या वर लावा. उणी बाजू असेल तर तीही लिहा : गेल्या वर्षी अमुक ग्राहकाचे पैसे अडकल्याने तीन महिने खाते तणावात होते, ते पैसे अमुक तारखेला आले, हा त्याचा खातेउतारा. हे टिपण अशिलाला दाखवून, त्याच्या संमतीनेच द्यायचे. अधिकाऱ्याला दोष शोधून काढावा लागला तर तो संशयाने पुढचे वाचतो. आपण आधी सांगितला तर तो उपाय शोधू लागतो.

आता बँका जीएसटीची आणि खात्यांची माहिती अशिलाच्या संमतीने थेट संगणकावर मिळवतात. २०१८ साली ५९ मिनिटांत तत्त्वतः मंजुरी देणारे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा सीएचे या कामातील स्थान संपले असे अनेकांना वाटले होते. मला तसे वाटत नाही. आकडे गोळा करण्याचे काम कमी झाले हे खरे. पण आकडा असा का आहे, हे संगणक सांगत नाही. ते सांगणारा विश्वासू माणूस बँकेला आजही हवाच आहे.

विश्वासाची कसोटी लागते ती प्रमाणपत्रांच्या वेळी. उलाढालीचे किंवा निव्वळ संपत्तीचे प्रमाणपत्र देताना मूळ कागद पाहिल्याशिवाय सही करू नका, कोणी कितीही घाई केली तरी. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रमाणपत्रांवर यूडीआयएन (प्रत्येक दस्तऐवजाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बंधनकारक आहे आणि बँक तो क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासू शकते. परंतु यूडीआयएनमुळे सही तुमची आहे एवढेच सिद्ध होते, आतला आकडा खरा आहे हे नाही. तो भार तुमच्यावरच राहतो. तीच गोष्ट प्रोजेक्शनची, म्हणजे पुढच्या वर्षांच्या आकड्यांच्या अंदाजाची. पुढील वर्षांच्या अंदाजांची सत्यता आपण हमीने सांगत आहोत असा समज होईल, अशा रीतीने आपले नाव वापरू देणे हेही दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे गैरवर्तन आहे. अंदाज अशिलाचे, गृहीतके लिहिलेली आणि आपण एसएई ३४०० या अंदाज तपासण्याच्या मानकाप्रमाणे तपासलेली, एवढी मर्यादा अहवालात स्पष्ट असू द्या. एखादा रिलेशनशिप मॅनेजर म्हणेल की मॅडम, डीएससीआर (कर्जफेडीची क्षमता दाखवणारे गुणोत्तर) जरा वर न्या, फाईल लगेच लॉगिन करतो. त्याला नम्रपणे नाही म्हणा. तो माणूस वर्षभरात दुसऱ्या बँकेत गेलेला असेल आणि खाते थकले तर कागदावर नाव तुमचे असेल.

यावरूनच आणखी एक सांगतो. विक्रीची उद्दिष्टे असलेल्या माणसाशी ओळख ठेवावी, पण नाते जोडावे ते पतपुरवठा पाहणाऱ्यांशी. शाखा व्यवस्थापकांच्या ठरावीक काळाने बदल्या होतात. सरकारी बँकांत तर लहान उद्योगांच्या कर्जाचा निर्णय बहुधा शाखेत होतच नाही, तो वेगळ्या प्रक्रिया केंद्रात होतो. सहकारी बँकेत प्रस्ताव समितीपुढे किंवा संचालक मंडळापुढे जातो. म्हणून शाखेतील दुसऱ्या फळीचा अधिकारी, प्रक्रिया केंद्रातील अधिकारी, फाईलवर टिपणी लिहिणारा माणूस, यांना आपल्या कामाची पद्धत कळू द्या. अशिलाच्या लिमिटचे नूतनीकरण मुदतीच्या दोन महिने आधी तयार ठेवा. स्टॉक स्टेटमेंट (बँकेला द्यायचा माल व येणी यांचा तक्ता) दर महिन्याला वेळेवर जाते का, यावर आपल्या कार्यालयातील एखाद्या आर्टिकलला (प्रशिक्षणार्थी सीएला) लक्ष ठेवायला सांगा. वडिलांच्या त्या सहकारी बँकेत तुमच्या एखाद्या अशिलाचे कर्ज आधीपासून असेलच. त्याच्या पुढच्या नूतनीकरणापासून सुरुवात करा. व्यवस्थापकांकडे माणसे मागू नका. मागण्याची गरज पडणार नाही.

बँकांच्या शाखांत आपली सेवापत्रके वाटणे किंवा कामाची विचारणा करणारी पत्रे पाठवणे टाळावे, ते काम मागणेच ठरते. एखाद्या बँकेचे पॅनेल (काम द्यायच्या सीएंची यादी) अस्तित्वात आहे हे आपल्याला माहीत असेल, तर त्यावर नाव घेण्याची विनंती करता येते. पॅनेल आहे का म्हणून सर्वत्र चौकशी करत फिरणे संस्थेला मान्य नाही. मात्र अभ्यासमंडळांत, लघुउद्योजकांच्या संघटनांत, एखाद्या बँकेने ग्राहकांसाठी ठेवलेल्या मार्गदर्शन सभेत विषय मांडण्यास बोलावले तर जरूर जा. मुंबईच्या उपनगरांत अशा सभा होत असतात. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी, १ एप्रिल २०२५ पासून बदललेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या मर्यादा, ४५ दिवसांत पैसे देण्याच्या अटीचा आयकरावर होणारा परिणाम, तारणाविना कर्जासाठी सीजीटीएमएसई या हमी निधीची हमी, या विषयांवर सोप्या मराठीत बोलणारी माणसे कमी आहेत. विषय मांडा, कार्यालयाची जाहिरात करू नका.

दिवाळीच्या भेटींविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. मिठाईचा डबा ठीक. त्यापलीकडे काही नको. सरकारी बँकेचाच नव्हे, तर खासगी बँकेचा अधिकारीही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीने लोकसेवक ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे.

आपण बँकेकडे अशील पाठवता तेव्हाची जबाबदारी तर मला याहून मोठी वाटते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला एक हजार रुपयेच काढता येत होते. मुंबईतील कितीतरी व्यापाऱ्यांचे आणि गृहनिर्माण संस्थांचे पैसे त्या दिवशी अडकले. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली, तरी गृहनिर्माण संस्थेच्या दुरुस्ती निधीपुढे ती रक्कम लहानच आहे. म्हणून अशिलाला एकच बँक सुचवू नका. दोन-तीन सांगा, प्रत्येकीचा व्याजदर, प्रक्रिया शुल्क, मुदतपूर्व फेडीचे शुल्क आणि तारणाच्या अटी एका कागदावर मांडा, निवड त्याला करू द्या. कर्जाबरोबर विमा पॉलिसी घ्यावीच लागेल असे शाखेत सांगितले गेले, तर ती अट मंजुरीपत्रात आहे का हे आपण वाचून पाहा आणि नसेल तर अशिलाच्या वतीने तसे विचारा. त्या अधिकाऱ्याला क्षणभर राग येईल. पण असा प्रश्न विचारणाऱ्या सीएकडेच तो पुढे स्वतःच्या नातेवाइकाला पाठवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बँकेने पाठवलेला प्रत्येक माणूस घेतलाच पाहिजे असेही नाही. आधीचा सीए सही करत नाही म्हणून नवा शोधणाऱ्या पार्ट्याही याच वाटेने येतात. त्याच्या जागी लेखापरीक्षक म्हणून काम स्वीकारण्यापूर्वी आधीच्या लेखापरीक्षकाला लेखी कळवणे पहिल्या अनुसूचीच्या आठव्या खंडाने बंधनकारक आहे. ते औपचारिकता म्हणून उरकू नका, त्याचे उत्तर येऊ द्या आणि वाचा. नकार द्यायचा झाल्यास तो पार्टीलाच कळवा; त्याची कारणे बँकेला सांगत बसू नका. गोपनीयतेचा नियम येथेही आहेच.

त्या रिलेशनशिप मॅनेजरशी भांडण करण्याचे कारण नाही. यादी देता येणार नाही, खात्यांची संख्या ठरवून घेता येणार नाही आणि डीएसएचा विचार नाही, हे त्यांना ईमेलने दोन ओळींत कळवा. कोणा अशिलाला तुमच्या बँकेची योजना सोयीची वाटली तर त्याच्या संमतीने त्याला जरूर पाठवीन, एवढे खाली लिहा. त्यांना रस उरला तर ते कामाचे. न उरला तर तुमचा वेळ वाचला.

राहिला प्रश्न समवर्ती लेखापरीक्षणाचा. समवर्ती लेखापरीक्षक शाखेतील कर्जे मंजुरीच्या अटींनुसार दिली गेली का, स्टॉक स्टेटमेंट येतात का, डीपी बरोबर काढली आहे का, हेच महिन्याच्या महिन्याला तपासतो. ज्या शाखेत तुमच्या अशिलांची कर्जे आहेत किंवा येणार आहेत, तेथे तुम्ही स्वतः तयार केलेल्या फाईलवर स्वतःच शेरा लिहिण्याची वेळ येईल. त्या शाखेचे काम घेऊ नका. लेखापरीक्षणाचा अनुभव हवा असेल, तर जेथे तुमचा एकही अशील कर्जदार नाही अशी दुसऱ्या बँकेची शाखा बघा, आणि काम स्वीकारताना आपल्या अशिलांपैकी कोणी तेथे कर्जदार नसल्याचे लेखी कळवा. पुढे एखादा अशील त्याच शाखेत कर्ज मागायला गेला, तर त्याचा प्रस्ताव दुसऱ्या सीएकडून करून घ्यायला सांगा आणि बँकेलाही त्याच आठवड्यात तसे कळवा.